ज्याची पाटी त्यानेच काढायची

ता. ४ मार्च

वन्सं, नमस्कार.

आधी खुर्ची ओढून नीट बसा, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवा, मग वाचा. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात.

तुमच्या दादांना दवाखान्यात ठेवलं आहे. चार दिवसांपूर्वी सकाळी ते कोर्टाच्या इमारतीत लिफ्टच्या कामाला गेले होते. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मुख्य बटण बंद केलं, आपली पाटी लावली, हत्यारांची पिशवी उघडली आणि तिथेच खाली बसले. धाकटे भाऊजी खालच्या मजल्यावरून विचारत राहिले की सुरू करू का. उत्तर येईना म्हणून वर जाऊन बघतात तर हे भिंतीला टेकलेले. डोक्यातली शीर फुटली म्हणतात. आता श्वासाचं यंत्र लावलं आहे. छाती लयीत वरखाली होते. हात ऊबदार आहेत. रंग तर घरी असतो त्याहून चांगला आहे. न्हावी येऊन रोज दाढी करून जातो, जी हे कुणाचं लग्न असल्याशिवाय करत नसत.

डॉक्टर मेंदूबद्दल काहीतरी म्हणाले. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाले. ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुम्ही येण्याची घाई करू नका, पाय जुळू द्या. भाऊजी इथे आहेत. ते यंत्राला कान लावून बसतात आणि मला सांगतात, वहिनी, मोटर एकदम ठीक चालली आहे.

तुम्हीही प्रार्थना करा. काय मागायचं ते मात्र मला विचारू नका. मी रोज देवापुढे हात जोडून बसते आणि काही न मागता उठते.

कागद पाठकोरा आहे, राग मानू नका. इथे जेवणाचे तक्ते टाकून देतात, मागची बाजू अगदी कोरी असते.

तुमची वहिनी


ता. ९ मार्च

वहिनी,

पत्र वाचलं आणि पहिली इच्छा झाली ती पायावरच्या या प्लास्टरवर वरवंटा घालण्याची. शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी वरवंटा लपवून ठेवला आहे.

रंग चांगला आहे, हात ऊबदार आहेत, म्हणजे दादा बरा होतोय. डॉक्टर मेंदूबद्दल काय म्हणाले ते तू मनावर घेऊ नकोस. दादाच्या मेंदूबद्दल आमच्या वडिलांनीही कधी चांगलं मत दिलं नव्हतं आणि त्याने पुढे सगळ्या शहराच्या लिफ्टा चालवल्या.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. मी इतकी वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. फरशी पुसणाऱ्या बाया काय करतात ते मला विचार. फडकं फिरवताना जी वायर आडवी येईल ती उपटतात आणि पुसून झाल्यावर दुसरीच खोचतात. आमच्याकडे एकदा फ्रिजच्या जागी घंटा लागली होती. उद्या अशीच कोणी दादाच्या यंत्राला भिडली तर? म्हणून सांगते, धाकट्याला सांगून दादाची पाटी त्या बटणावर लाव. लाल अक्षरातली, लिफ्टवर लावतो ती. ती पाटी बघून कोणाची हात लावायची छाती होत नाही.

आमच्याकडे पंखा दुरुस्त करताना त्याने मुख्य बटणाला ती लावली आणि जेवून तसाच गावाला निघून गेला. तो परत येईपर्यंत आम्ही मेणबत्तीवर दिवस काढले, पण पाटी काढली नाही. ज्याची पाटी त्यानेच काढायची, हे त्याने आम्हाला लहानपणापासून घोकून घेतलेलं आहे. खाली माणूस हात घालून बसलेला असतो, म्हणायचा, आणि वर कोणीतरी शहाणा बटण दाबतो.

मोठ्याने बोल त्याच्याशी. डाव्या कानात.

तुझी नणंद


ता. १६ मार्च

वन्सं, नमस्कार.

तुमची पाटी लावली. आता त्या पाटीपायी इथे काय काय झालं ते ऐका. पण आधी माझं ऐका. मागच्या पत्रात मी तुमच्यापासून एक गोष्ट राखून ठेवली. डॉक्टर म्हणाले होते की मेंदू पूर्ण गेला आहे, आणि मेंदू गेला म्हणजे माणूस गेला, कायद्यानेसुद्धा. छाती हलते ती यंत्र हलवतं म्हणून. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मग दुसऱ्यांनी सगळं पहिल्यापासून तपासून तेच सांगितलं. मोठ्या डॉक्टरबाई माझा हात धरून बसल्या होत्या. तुम्हाला लिहायला घेतलं आणि पेन तिथेच अडलं.

त्यांनी आम्हाला वेळ दिला होता, म्हणून यंत्र सुरू होतं. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. मी भाऊजींना वाचून दाखवलं, तसे ते उठलेच. यांच्या पिशवीत दुसरी पाटी होती, ‘काम चालू आहे, बटण दाबू नये’, खाली ‘मिस्त्री’. ती यंत्राच्या बटणाला तारेने बांधली. मी म्हटलं, बांधायचीच तर स्वतःची बांधा की. म्हणाले, माझी बांधली तर मला दमात घेऊन काढायला लावतील. दादाची आहे, दादाच काढेल.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करायला दवाखान्याचा तंत्रज्ञ आला. पाटी बघितली आणि हात मागे घेतला. त्यांच्याकडेही तोच नियम आहे, दुसऱ्याच्या पाटीला हात लावला तर नोकरी जाते. त्याने नर्सला विचारलं, हे मिस्त्री कोण? नर्सने खाटेकडे बोट केलं. तो बराच वेळ यांच्याकडे बघत उभा राहिला. मग अगदी अदबीने मला विचारलं, “हे साधारण कधी मोकळे होतील?”

त्यावर त्यांची सभा बसली. एक म्हणे मेलेल्या माणसाची पाटी ती पाटीच नव्हे. दुसरा म्हणे नियमात जिवंत माणूस असं कुठे लिहिलंय. ते भांडत होते तोवर भाऊजींनी वकील गाठला आणि कोर्टातून स्थगिती आणली. पुढच्या तारखेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही, पाटी हलवायची नाही, मृत्यूचा दाखला द्यायचा नाही.

त्यामुळे हे आता कुठेच बसत नाहीत. वॉर्डाच्या वहीत हे गेलेले आहेत, म्हणून भेटायचा पास मिळत नाही. शवागाराचा माणूस येऊन हात लावून गेला आणि म्हणाला, गरम आहेत, आम्ही घेणार नाही. सांधे आखडू नयेत म्हणून एक मुलगी येऊन हातपाय हलवते आणि जाताना ‘शाब्बास आजोबा’ म्हणते. शेवटी पासाच्या खिडकीवरच्या कारकुनाने डोकं चालवलं. माझ्या पासावर लिहिलंय, ‘यंत्रासोबत आलेली व्यक्ती’. इतकी वर्षं मी मिस्त्रींची होते, आता यंत्राकडची झाले.

हसू आलं तर हसा. मलाही आलं होतं. मग देवापुढे बसले आणि पुन्हा तेच. जिवंत असतील तर आयुष्य मागायला हवं, गेले असतील तर सद्गती. दोन्ही एकदम मागितलं तर देव म्हणेल, या बाईला आपलं माणूस कुठे आहे तेही माहीत नाही.

तुमची वहिनी


ता. २१ मार्च

वहिनी,

तू मला बनवलंस. मी इथे सगळ्यांना सांगत सुटले की दादाचा रंग सुधारलाय.

पण मी डॉक्टरांचं मानत नाही. धाकट्याने केलं ते बरोबर केलं. जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्या सांगण्यावरून काही केलंय, तर त्याला अडवू नकोस. ज्याचं अंग गरम आहे, ज्याची दाढी वाढते, त्याला गेलेला कसं म्हणायचं? गेलेल्या माणसाची रोज दाढी करावी लागत नाही. वकिलाला हे सांग, त्याला सुचलं नसेल.

सोबत लोकरीचे मोजे पाठवते आहे, दुसरा मोजा शिवणवाल्या बाईंनी विणून पूर्ण केला म्हणून तो किंचित मोठा आहे. दादाच्या पायाला लगेच गार लागतं. घाल आणि कसे बसले ते कळव.

आणि एक स्पष्टच लिहिते. तुला पेटलेला दिवा बघवत नाही. पाहुणा न्हाणीघरात असला तरी तू बाहेरून दिवा घालवतेस. मी स्वतः तुझ्या घरी अंगभर साबण लावून अंधारात उभी राहिलेली आहे. ती सवय दवाखान्यात नेऊ नकोस.

नणंद


ता. २ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

दिव्याचं वाक्य लागलं. चार दिवस पेन हातात घेतलं नाही. लागलं अशासाठी, की ते खरं आहे. मी हिशेबाची बाई. खोलीत कोणी नसेल तर दिवा घालवायचा, हेच मला माहीत. त्या यंत्राकडे बघताना माझ्या मनात एकदा आलंच, हे कोणासाठी चाललंय? आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण खोलीत कोणी आहे की नाही ते बघितल्याशिवाय मी दिवा कधी घालवला नाही. तुमच्या वेळी तेवढी चूक झाली, ती मान्य.

मोजे मिळाले. मीच घातले. तुम्हाला ठाऊक आहे, यांच्या तळपायाला बोट लागलं तरी हे पांघरुणासकट उडायचे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी झोपेतच लाथ खाल्ली आहे. मी डावा मोजा चढवला, मुद्दाम तळव्यावरून नखं फिरवली. मग उजवा. उजवा मोठा आहे, तोही सावकाश चढवला. वन्सं, पाय काही मागे गेला नाही. डॉक्टरबाई इतकं समजावत होत्या, पण मला कळलं ते तेव्हा.

परवा तारीख होती. आपली तारीख चौथ्या मजल्यावर, आणि कोर्टाची लिफ्ट बंद. का बंद, तर गच्चीवर यांनी त्या दिवशी लावलेली पाटी अजून तशीच आहे. न्यायाधीशबाईंचे गुडघे धरलेले. शिपाई पुढे खुर्ची घेऊन चढतो, प्रत्येक वळणावर मांडतो, बाई बसतात, तोवर दोन्हीकडचे वकील कठड्याला धरून दम खातात. आमच्या वकिलाने अर्धं म्हणणं जिन्यातच मांडून घेतलं.

वर पोचल्यावर बाईंनी पहिल्यांदा इमारतीच्या इंजिनिअरला उभं केलं, लिफ्ट का सुरू होत नाही म्हणून. तो म्हणाला, पाटी मिस्त्रींची आहे, तेच काढणार. बाई म्हणाल्या, ते दवाखान्यात आहेत. तो म्हणाला, मग बरे होऊन येऊ देत. आणि गेले असतील तर मृत्यूचा दाखला द्या, लगेच काढतो. बाई म्हणाल्या, दाखला का आणला नाही? तो म्हणाला, दाखल्याला आपलीच स्थगिती आहे. बाईंनी चष्मा काढला, आपलीच सही बघितली आणि पाणी मागितलं. पाणी खालून यायचं होतं.

मग त्यांनी भाऊजींना बोलावलं. रागावल्या नाहीत. विचारलं, तुमच्या धंद्यात असं कधी होत नाही का, की माणूस पाटी लावतो आणि परत येतच नाही?

भाऊजींकडे बघून मला वाटलं नाही म्हणतील. पण ते धंद्याबाबत खोटं बोलत नाहीत.

“होतं,” म्हणाले.

“मग काय करता?”

“हाका मारतो.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन माणसांनी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, तो ज्या नावाला ओ देतो त्या नावाने हाक मारायची. तीनदा. प्रत्येक हाकेनंतर थांबायचं, माणूस तोंडात खिळा धरून असला तरी तो काढून उत्तर देईल इतकं. दोघांनी लिहून द्यायचं की ओ आली नाही. मग त्याच्या हाताखालच्याने पाटी काढायची. तुमच्या दादांनीच शिकवलेलं.

बाईंनी तिथेच हुकूम लिहिला की मिस्त्रींना रीतसर हाका मारण्यात याव्यात. डॉक्टरांच्या वकिलाने हरकत घेतली की तपासण्या दोनदा झालेल्या आहेत. बाई म्हणाल्या, तुमच्या तपासण्यांवर माझा विश्वास आहे. ह्यांचा बसायचा आहे.

पहिली हाक भाऊजींची. आधी कोर्टाच्या लिफ्टच्या विहिरीत, कारण पाटी तिथेही आहे. किल्लीने दार उघडून त्यांनी आत मान घातली आणि हाक मारली, दादा. जिन्यात सगळे दावेवाले थबकले. आणि दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, ओ.

भाऊजींनी कठडा पकडला. बाई खुर्चीवरून उठल्या. शिपाई धावत गेला तर एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्यावर त्यांच्याच धाकट्या भावाने जागेवरून दावा लावलाय. म्हणाले, कित्येक वर्षांत हाक आली नव्हती, वाटलं समेटाला आला. त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या हातात पाणी दिलं, आणि भाऊजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कोणी बोललं नाही.

मग दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी भाऊजींना समोर उभं करून सगळं पुन्हा केलं. डोळ्यांत उजेड टाकला, कपाळावर जोरात दाबलं, कानात गार पाणी सोडलं. मग नळीने नुसता प्राणवायू देत यंत्र थोडा वेळ बाजूला केलं आणि म्हणाल्या, बघा, स्वतःहून छाती उचलते का. भाऊजी छातीकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला होता, शेवटी त्यांनाच खोकला आला. यांना नाही आला. यंत्र परत जोडल्यावर भाऊजी वाकून डाव्या कानात म्हणाले, दादा. थांबले. दादा. थांबले. तिसरी हाक नीट निघाली नाही, पण डॉक्टरबाईंनी धरली. भाऊजींनी लिहून दिलं, ओ आली नाही. मग बाहेर जाऊन बाकावर बसले आणि मोटरबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आता दुसरी हाक. पुन्हा कोर्टात गेलो तेव्हा मी म्हटलं, मी मारते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्ही यांना काय म्हणता? मी म्हटलं, अहो. बाई म्हणाल्या, तसं म्हटलं तर या इमारतीतले निम्मे पुरुष वळून बघतील. हसण्यावारी नेलं नाही त्यांनी, खरंच विचार केला, पण नियम नावाचा आहे. मी यांना नावाने कधी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी त्यांनी ओळखली नसती. तेव्हा दादा म्हणणारी दुसरी तुम्हीच.

हुकुमात लिहिलं आहे: बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये असल्याने तिने आपल्या राहत्या घरून हाका माराव्यात आणि पत्राने कळवावं. त्या पत्रावर पाटी निघेल, यंत्र थांबेल, दाखला मिळेल, लिफ्टही सुरू होईल. सगळे तुमच्या पत्राची वाट बघत आहेत. न्यायाधीशबाई तर फार.

वन्सं, काय लिहा ते मी सांगणार नाही. ओ आली तर आली असं लिहा, मी यंत्रासोबतची व्यक्ती म्हणून जन्मभर त्या स्टुलावर बसेन आणि कुरकुर करणार नाही. पण नाही आली तर तेही लिहा. मला देवापुढे बसून एक काहीतरी मागायचं आहे. आणि मला रडायचं आहे. अंग गरम असलेल्या माणसासमोर रडायला भीती वाटते, त्याने ऐकलं तर.

तुमची वहिनी


ता. ७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मिळाल्यावर मी आधी ठरवलं की हाक मारायचीच नाही. हाक मारलीच नाही तर ओ न येण्याचा प्रश्न कुठे येतो? कोर्टाला माझ्या पायाचं कारण कळवायचं, पायानंतर गुडघ्याचं, अशी वर्षं काढायची. रेक्टर होते मी, तारखा कशा पुढे ढकलतात ते मला कोणी शिकवू नये.

मग तुझी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

आज सकाळी शिवणवाल्या बाईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्याला धरून गॅलरीत उभी राहिले. तुमचं गाव कोणत्या दिशेला ते तिच्या नवऱ्याने सूर्य बघून सांगितलं. मला ऐकू येत नाही, म्हणून त्या बाईला शेजारी उभं केलं आणि बजावलं, तू ऐकायचं, आणि माझं मन राखायला खोटं सांगशील तर शिवलेल्या ब्लाउजांची सगळी शिवण उसवीन.

हाक मारली. मला माझाच आवाज कमी ऐकू येतो, त्यामुळे जरा मोठीच गेली असावी. समोरच्या इमारतीतले लोक बाहेर आले. दूधवाला सायकल धरून उभा राहिला. तिने मान हलवली, नाही. दुसरी मारली. लोकांना वाटलं कोणी पडलंबिडलं, ते खाली बघायला लागले. नाही. तिसरी मारली आणि थांबले. तोंडातला खिळा काढून, खिशात ठेवून, हात पुसून उत्तर देता येईल इतकी थांबले. मग चौथी मारली. नियमात तीन आहेत, मला माहीत आहे. पाचवीही मारली. त्यानंतर तिने माझा हात धरला आणि मान हलवायची तीही थांबली.

लहानपणी मी काही काम नसताना त्याला हाक मारायचे. झाडावर असो, अंघोळीत असो, वडील समोर उभे करून झोडत असोत, तो ओ द्यायचा आणि वर म्हणायचा, काय आहे, मर एकदाची. आज तेवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.

मी तुला दिव्यावरून बोलले ते मागे घेते. तू आधी आत बघतेस. मी बघितलं नव्हतं.

मोजे पायातच राहू देत. धाकट्याला पाटी काढू दे, पण तू शेजारी उभी राहा. आणि मग मनसोक्त रड. मोठ्याने रड, आता तो ऐकत बसलेला नाही. मी इथे सुरुवात केलेली आहे.

कोर्टासाठी वेगळा कागद नाही, याच कागदाचा खालचा भाग फाडून द्यावा.

‘मी आज सकाळी माझ्या राहत्या घराच्या गॅलरीतून दादाला हाका मारल्या. थांबले. ओ आली नाही.’

सही,
दादाची बहीण,
हाक मारणारी क्रमांक दोन